दुखणं थांबलं, उपचार राहिला

बाळाच्या लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी जपून ठेवणारी घरं महाराष्ट्रात लाखोंनी आहेत. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना या तारखा आईला पाठ असतात. त्याच घरात सहा-सात वर्षांनी मुलाच्या दाढेवर उपचार सुरू होतो, डॉक्टर केसपेपरवर पुढची तारीख लिहून देतात आणि ती तारीख कोणाच्या लक्षातही न येता निघून जाते.

दोन्हीकडे आई तीच. म्हणून ‘पालकच बेफिकीर’ हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. लसीच्या मागे एक व्यवस्था उभी आहे. आशाताई घरी येऊन आठवण करतात, उपकेंद्रातल्या सिस्टर यादी धरून बसतात, लस गावातच मिळते, आणि ती चुकली तर काय होऊ शकतं हे आजीलाही ठाऊक असतं. दातांच्या तारखेमागे यातलं काहीच नसतं. कागदावर तारीख असते, पण का यायचं हे ना कागदावर असतं ना कोणी सांगितलेलं असतं. त्यातच मुलाचं दुखणं थांबलेलं असतं.

भारतीय दंत परिषदेने 2002-03 मध्ये देशभर केलेल्या मुखआरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या 51.9 टक्के, बारा वर्षांच्या 53.8 टक्के आणि पंधरा वर्षांच्या 63.1 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे बालवाडीच्या वर्गातली निम्मी मुलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात दुधाच्या दातांना कीड लागलेल्या मुलांची जगभरातली संख्या सुमारे 51 कोटी 40 लाख दिली आहे. आपल्याकडे यांतली जी मुलं दवाखान्याच्या खुर्चीपर्यंत पोचतात, ती बहुतेक दुखणं असह्य झाल्यावरच पोचतात. तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असते आणि एका फेरीत संपेल असा उपचार उरलेला नसतो.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. सात वर्षांचा मुलगा, खालची दुधाची दाढ, रात्रभर ठणका. लवंगेचं तेल लावून झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, शेवटी वडील कामावर खाडा करून त्याला घेऊन आले. डॉक्टरांनी दाढ उघडली, आतला दाब मोकळा केला, औषधाचा बोळा ठेवून वर तात्पुरतं सिमेंट भरलं. त्या रात्री मुलगा शांत झोपला. घरच्यांच्या दृष्टीने दात बरा झाला. डॉक्टरांच्या दृष्टीने उपचार नुकता सुरू झाला होता. मुळांतल्या नळ्या साफ करायच्या होत्या, त्यांत औषध भरायचं होतं, आणि पोकळ झालेली दाढ चावताना फुटू नये म्हणून तिच्यावर स्टीलची टोपी बसवायची होती.

तात्पुरतं सिमेंट नावाप्रमाणेच तात्पुरतं असतं. काही आठवड्यांत ते झिजतं किंवा कडेने सुटतं आणि लाळ, अन्नाचे कण, जंतू पुन्हा आत शिरतात. पण आता दुखत नाही, कारण आतली नस मेलेली असते. पू साचला तर तो हिरडीवर लहानशी पुळी करून वाट काढतो. पुळी फुटते, बसते, पुन्हा येते. दुखत नसल्याने घरात तिची चर्चाही होत नाही. पालकांनी ओळखायला शिकावं अशी एकच खूण सांगायची झाली तर मी ही सांगेन. किडलेल्या किंवा अर्धवट उपचार झालेल्या दातापाशी हिरडीवर दाण्याएवढी पुळी दिसली, तर आत जंतुसंसर्ग सुरू आहे. ती दुखत नाही म्हणून थांबू नये.

या संसर्गाच्या अगदी खाली, दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कवेत, पुढच्या कायमच्या उपदाढेचा अंकुर वाढत असतो. वरचा पू दीर्घकाळ राहिला तर त्या अंकुरावर चढणारं दंतवल्क नीट तयार होत नाही. दात येतो तोच पिवळट-तपकिरी डाग आणि खड्डे घेऊन. दंतवैद्यकात याला टर्नरचा दात म्हणतात. कधी सूज गालावर, जबड्याखाली पसरते, ताप चढतो आणि मुलाला दाखल करावं लागतं. हे रोज घडत नाही, पण घडतं तेव्हा मागे बहुतेक वेळा एखादा सोडून दिलेला दात असतो.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य मराठी घरांत इतकं रुळलं आहे की ते शहाणपणाचंच वाटतं. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, त्यावरून हा समज झाला असावा. मागच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. सात वर्षांच्या मुलाला त्या दाढेने अजून तीन-चार वर्षं भाकरी चावायची असते. ती आधीच काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेकडे सरकतात आणि खालच्या दाताचा रस्ता अडतो. म्हणून तिथे तारेचा फासा असलेलं एक छोटं साधन, जागा राखण्यासाठी, बसवतात. ते बसवून पालक निश्चिंत होतात, आणि इथेही गफलत होते. त्या साधनाचं सिमेंट निघू शकतं, पट्टीखाली कीड लागू शकते, आणि कायमचा दात वर येऊ लागला की तेच साधन त्याच्या आड येतं. म्हणून ते दर काही महिन्यांनी पाहावं लागतं आणि वेळेवर काढावं लागतं.

सहाव्या वर्षाच्या दाढेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याइतकं दुर्लक्ष दुसऱ्या कुठल्याच दाताच्या वाट्याला येत नाही. ती कायमची दाढ. पण ती सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे येते आणि तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कोणाच्या गावीही नसतं. पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या चावण्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, सात वर्षांच्या मुलाचा ब्रश तिथवर नीट पोचत नाही आणि ती भराभर किडते. दुसऱ्याच दातासाठी दिलेल्या तारखेला मूल आलं असतं, तर ही नवी दाढ दिसली असती. तिच्या खाचा सीलंटने बुजवता आल्या असत्या, त्याला भूल लागत नाही की ड्रिल. सीलंटसुद्धा एकदा लावून विसरायची गोष्ट नाही. ते कुठे निघालं का, हे पुढच्या फेऱ्यांत पाहावंच लागतं.

फ्लोराइड वार्निशचंही तसंच. दातांवर ब्रशने पातळसा थर द्यायला काही मिनिटं लागतात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात वार्निशमुळे दुधाच्या दातांची कीड सरासरी 37 टक्क्यांनी आणि कायमच्या दातांची 43 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पण हा परिणाम वर्षातून दोन ते चार वेळा वार्निश पुन्हा लावल्याचा आहे. आणि पडून मुळासकट निघालेला कायमचा दात परत बसवला असेल, तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दोन आठवड्यांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यापुढे निदान पाच वर्षं दरवर्षी तो दाखवायचा असतो. अशा दाताचं मूळ आतल्या आत झिजू शकतं, आणि तेही न दुखता.

आता एक अवघड प्रश्न. ‘दर सहा महिन्यांनी दाखवा’ या सरसकट सल्ल्याला आधार किती? ब्रिटनमधले दंततज्ज्ञ ऑब्रे शायहॅम यांनी 1977 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हाच प्रश्न विचारला होता. त्यानंतर 2004 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी जोखमीनुसार तीन ते बारा महिन्यांचं अंतर सुचवलं. मुलांच्या बाबतीत नेमकं किती अंतर योग्य, यावरचे चांगले अभ्यास आजही मोजकेच आहेत. हे पालकांपासून लपवू नये असं मला वाटतं. ज्या मुलाच्या तोंडात एकही कीड नाही, त्याने वर्षाने आलं तरी चालेल. ज्याच्या चार दाढा किडल्या आहेत, त्याने तीन महिन्यांनी यायलाच हवं. ‘तुमच्या मुलाला तीन महिन्यांनी, या कारणासाठी’ असं सांगितलं तर पालकाला त्यात आपलं मूल दिसतं. सगळ्यांना सारखं ‘सहा महिन्यांनी’ सांगितलं की तो भिंतीवरचा फलक होतो.

त्याहून महत्त्वाचा फरक आहे तो नुसत्या तपासणीच्या तारखेत आणि अर्धवट उपचाराच्या तारखेत. पहिली महिनाभर पुढे गेली तर फारसं बिघडत नाही. दुसरी चुकली तर आधी केलेलं सगळं वाया जातं. केसपेपरवर मात्र दोन्ही तारखा एकाच अक्षरात, एकाच चौकटीत लिहिलेल्या असतात. वाचणाऱ्याने फरक कसा ओळखावा?

पालक का येत नाहीत, याची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. रोजंदारी बुडते. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि शाळाही सकाळीच असते. धाकटं मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो. घटक चाचणी येते, परीक्षा येते, गावची जत्रा येते. खासगी दवाखान्यात पैशांची अडचण असते आणि ती बोलून दाखवायला लाज वाटते. पुढच्या फेरीला किती लागतील हे पहिल्याच दिवशी नीट सांगितलं नसेल तर पालक फोन उचलायचंच बंद करतात. सुनेला एकटीने शहरात जायची मुभा नसते, आणि ‘आमच्या वेळी कोण जात होतं दाताच्या डॉक्टरकडे’ हे सासूबाईंचं म्हणणं घरात शेवटचं ठरतं.

अंतराचं गणित तर फार कठोर आहे. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय 1933 पासून आहे, शिवाय शासकीय दंत महाविद्यालयही आहे. विदर्भाला नागपूर आहे, मराठवाड्याला छत्रपती संभाजीनगर. बीडहून संभाजीनगर सुमारे सव्वाशे किलोमीटर. तीन फेऱ्यांच्या उपचारासाठी त्या कुटुंबाला एसटीने साडेसातशे किलोमीटर करावे लागतात.

त्याच बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो, आणि ज्या मुलांची सोय हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे होत नाही ती फडावर सोबत जातात. सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात चार-सहा महिने खोपीत राहून टोळी उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. अशा मुलाच्या दाढेवर सप्टेंबरअखेर उपचार सुरू करून ‘महिन्याने या’ म्हणणं म्हणजे ती दाढ सोडून देणंच. त्याला हंगामाआधी एकाच बैठकीत जे पूर्ण होईल ते करून द्यायला हवं, नाहीतर पुढची तारीख टोळी परतल्यानंतरची द्यायला हवी. त्यासाठी तारीख लिहिणाऱ्याने एवढंच विचारायचं असतं: ‘तुम्ही पुढच्या महिन्यात इथेच आहात ना?’ हा प्रश्न केसपेपरच्या छापील रकान्यांत असावा, असं माझं ठाम मत आहे.

शाळेतल्या तपासणीची यंत्रणा आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. या कार्यक्रमातली फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात, आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. पथक कीड टिपतं, चिठ्ठी देतं, चिठ्ठी दप्तरात जाते. तिथून पुढे तिची जबाबदारी कोणाची, हे नीट ठरलेलं नाही. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांच्या सेवांमध्ये मुखआरोग्याचा समावेश आहे, म्हणजे कागदावर तरी गावपातळीचा दुवा आहे. लसीची यादी घेऊन जी आशाताई दारात येते, तिच्या यादीत ‘या मुलाचा दात अर्धवट आहे’ ही नोंद आली, तर बरंच काही बदलेल. अर्थात तिच्या मोबदल्यातही त्या कामाची भर पडायला हवी. फुकटची कामं तिच्यावर आधीच पुष्कळ आहेत.

नेमकं कशाने पालक परत येतात? सगळ्यात स्वस्त उपाय आठवणीचा. मोबाइलवर पाठवलेल्या संदेशांमुळे रुग्ण तारखेला येण्याचं प्रमाण वाढतं आणि संदेश जवळपास फोन केल्याइतकाच उपयोगी पडतो, असं कॉक्रेनच्या 2013 च्या दुसऱ्या एका आढाव्यात दिसलं. आपल्याकडे त्यात एक मेख आहे. केसपेपरवर नंबर बहुधा वडिलांचा असतो आणि मुलाला घेऊन येणारी आई असते. संदेश सकाळी वडिलांच्या खिशात कामावर जातो. दोघांचेही नंबर घ्यावेत, संदेश मराठीत असावा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर डॉक्टरांच्याच आवाजातला निरोप पाठवावा.

पण आठवण त्यालाच उपयोगी पडते ज्याला यायचं आहे. यायचं का, हे मनात कसं ठरतं, यावर मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कॅनडातल्या सरे शहरातला प्रयोग. तिथे स्थायिक झालेल्या पंजाबीभाषक कुटुंबांतली सहा ते अठरा महिन्यांची 240 बाळं आणि त्यांच्या आया यांचे वाइनस्टाइन, हॅरिसन आणि बेंटन यांनी दोन गट केले. एका गटाला माहितीपत्रक दिलं आणि चित्रफीत दाखवली. दुसऱ्या गटाला तेही दिलंच, शिवाय त्यांच्याच समाजातल्या, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या प्रशिक्षित बायका आईशी निवांत बोलल्या आणि नंतर फोनवरून विचारपूस करत राहिल्या. त्यांनी उपदेश केला नाही. बाळाच्या दातांबाबत तुम्हाला काय हवं आहे, यातलं तुमच्या घरात काय जमेल, असं विचारून आईलाच निवडू दिलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर पहिल्या गटात दर मुलामागे सरासरी 1.91 नव्या किडी होत्या, दुसऱ्यात 0.71. सासू-सून, एकत्र कुटुंब, बाळाच्या बाटलीत गोड दूध, हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे. म्हणूनच हा प्रयोग आपल्या फार जवळचा. स्कॉटलंडच्या ‘चाइल्डस्माइल’ कार्यक्रमातही दंतआरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन कुटुंबाला दवाखान्याशी जोडून देतात. धागा तोच आहे: दवाखान्यातलं कोणीतरी ओळखीचं झालं की माणूस परत जातो.

आपल्याकडच्या गर्दीत अर्धा तास बोलणं शक्य नाही, हे मान्य. दोन मिनिटं मात्र मिळतात. खुर्चीवरून उतरताना आईच्या हातात आरसा देऊन, तोंडातली दाढ दाखवून एवढं म्हणता येतं: ‘ताई, आज फक्त दुखणं थांबवलंय. दाढ अजून उघडीच आहे, वरचं हे पांढरं औषध महिनाभरसुद्धा टिकायचं नाही. दुखलं नाही तरी आणायचं. मंगळवार बरा की शनिवार?’ सोबत आजी असेल तर तिलाच आधी दाखवावं, कारण घरी गेल्यावर निकाल तीच देणार असते. वाराचा प्रश्न लहान दिसतो, पण ज्याने वार स्वतः निवडला त्याला तो लक्षात राहतो.

दुसरा उपाय फेऱ्याच कमी करण्याचा. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल यांनी दुधाच्या किडलेल्या दाढेवर, न कोरता, न भूल देता, थेट स्टीलची टोपी बसवायची पद्धत वापरात आणली. नस शाबूत असलेल्या दाढेला ती चालते आणि काम बहुधा एका फेरीत होतं. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध कीड जागच्या जागी थांबवतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पण त्याने किडलेला भाग काळा पडतो. हे आधी सांगितलं नाही, तर ‘डॉक्टरने दात जाळला’ असं घरोघर होतं आणि मूल परत येत नाही. काळा डाग म्हणजे कीड थांबल्याची खूण, हे आधीच सांगून, फोटो दाखवून, आईवडिलांचा होकार घेऊनच ते लावावं.

आणि भीती. यात पालकांचा वाटा मोठा आहे, हे प्रेमानेच पण स्पष्ट सांगायला हवं. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असं वर्षभर ऐकलेलं मूल दाराशीच रडणार. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वचनही देऊ नये, कारण ते मोडलं की दुसऱ्या फेरीला मूल कोणावरच विश्वास ठेवत नाही. ‘डॉक्टर आधी दाखवतील, मग करतील, मी इथेच बसतेय’ एवढं पुरतं. मुलांच्या दंतवैद्यकात हीच रीत आहे, आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. अमेरिकी दंतवैद्य ॲडलस्टन यांनी ती 1959 मध्ये मांडली. पहिल्या फेरीत फक्त दात मोजले, हवेचा फवारा बोटावर उडवून दाखवला आणि खुर्ची वरखाली केली, तरी ती फेरी वाया गेली असं पालकांनी समजू नये. दुसऱ्या फेरीला मूल स्वतःच्या पायांनी खुर्चीवर चढतं ते त्या जोरावर.

ज्यांची तारीख चुकली आहे, त्यांच्याशी दवाखान्यात कसं बोललं जातं यावर पुष्कळ अवलंबून आहे. ‘इतके दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न ऐकावा लागेल या धास्तीने कितीतरी आया दारापर्यंत येत नाहीत. सहा महिन्यांनी आलेल्या आईला ‘आलात ते बरं झालं’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे ती सातव्या महिन्यातही येईल.

चुकलेल्या तारखेनंतरही करण्यासारखं बरंच असतं. सिमेंट निघालेली दुधाची दाढ पुन्हा साफ करून वाचवता येते. वाचण्यासारखी नसेल तर वेळेवर काढून जागा राखता येते. सहाव्या वर्षाची दाढ नवव्या वर्षी दाखवली तर बहुधा साध्या भरणावर भागतं, तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत थांबलं तर रूट कॅनालची वेळ येऊ शकते. केसपेपर हरवला असेल तर नवा निघतो. जुना एक्सरे घरात असेल तर तेवढा सोबत न्यावा, आणि मुलाचा दात शेवटचा कधी दुखला, पुळी कधी आली होती, तात्पुरतं सिमेंट कधी पडलं हे आठवून सांगावं. डॉक्टरांना पुढचं ठरवायला त्याचा उपयोग होतो.